ताकभातावरचं कोडं

आमच्या ढुंढिराजकाकांना पंगतीला बोलवायचं तर यजमानाच्या अंगात धीर हवा, असं काशीत रामघाटावर म्हणत. काका खादाड मुळीच नव्हते. दोन मुठी भात, लिंबाची फोड, की आटोपलं. लोक घाबरत ते त्यांच्या कोड्यांना.

पंगतीत एकेकाने श्लोक म्हणायची रीत आपल्याकडे आहेच. काशीतल्या मराठी पंगतीत तर घनपाठी, शास्त्री, पुराणिक असे एकाहून एक बसलेले असायचे, त्यामुळे श्लोकांची झड लागे. काका आपली पाळी मुद्दाम मागे ठेवत. मंडळी ताकभातावर आली की घसा खाकरून म्हणत, "श्लोक पुष्कळ झाले. एक कोडं घालतो." मग शेवटचा घास पत्रावळीवर तसाच ठेवून ते स्वस्थ बसत. पंगतीतून सगळ्यांनी एकदम उठायचं, एकट्याने उठून पंगत मोडायची नाही, हा नियम. काकांचा घास पत्रावळीवर असेपर्यंत उठायची सोय कोणालाच नसे. बड्याबड्या विद्वानांचे हात वाळून जात, पायांना मुंग्या येत, आणि बाहेर दुसरी पंगत ताटकळत उभी राही.

कोडी तरी कशी! "रामघाटच्या गल्लीत सांड आडवा बसलाय. गल्ली एवढी अरुंद, की बाजूने मुंगी जाणार नाही. समोरून एक भटजी आला. त्याने सांडाला हात लावला नाही, ओलांडलं नाही, मागे फिरला नाही, कोणाला हाक मारली नाही. तरी वेळेवर घरी पोचला. कसा?" यावर शास्त्रीमंडळी छपरं चढली, त्यांनी बोगदे खणले, एकाने तर योगबळाने भटजीला हवेतून नेलं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो शेजारच्या चबुतऱ्यावर बसून राहिला. थोड्या वेळाने सांड उठून गेला. काशीत घाई कोणाला असते हो?"

असं उत्तर ऐकल्यावर माणसाने कपाळावर हात मारून घ्यायला हवा, ही काकांच्या लेखी खऱ्या कोड्याची परीक्षा होती. शब्दांच्या करामती त्यांना चालत नसत. कोणी शास्त्र्याने संधी फोडून दोन अर्थ निघणारा श्लोक टाकला, की काका म्हणत, "हे व्याकरण झालं. कोडं कुठाय?" दिवसभर वेदशाळेत मुलांना संथा द्यायची, तीही एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता, म्हणून बहुधा डोक्याला जरा मोकाट सोडायला त्यांना हे लागत असावं. मी त्यांना एकदा तसं विचारलं, तर म्हणाले, "पाठ केलेलं तोंडात असतं, बिटिया. कोडं सोडवायला डोळे लागतात."

माझे वडील, बिंदुमाधव, सगळे त्यांना अण्णा म्हणत. काकांचे ते सख्खे थोरले भाऊ, पण स्वभाव अगदी उलटा. दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंना घरी उतरवून घ्यायचं, त्यांचं तीर्थश्राद्ध नीट पार पाडायचं, त्यांना मुगलसरायच्या गाडीत सुखरूप बसवून द्यायचं, एवढं त्यांना कळे. दोन आणि दोन चार झाले की अण्णा खूश. ते पाच कसे होतील याचा विचार करणाऱ्या माणसाला बरं नाही, असं त्यांचं मत होतं, आणि तो माणूस त्यांच्याच घरात राहत होता. काकू फार लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. काकांनी दुसरं लग्न केलं नाही. आमच्या माडीवरच्या खोलीत राहत आणि लाड सगळे माझे करीत. घर होतं माझ्या आईच्या वडिलांचं. आजोबांना मुलगा नव्हता, म्हणून ते अण्णांना मिळालं होतं. आईला भाऊ नाही म्हणजे मला मामा नाही. मी लहानपणी यावरून रडले तेव्हा काका म्हणाले होते, "तुझ्या लग्नात मामाच्या जागी मी. तुला बोहल्यावर मी नेणार." हे मी कधी विसरले नाही. तेही विसरले नव्हते, आणि पुढची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

तेव्हा विलायतेतली मोठी लढाई नुकती संपली होती. आमच्याकडे नागपूरकडच्या यात्रेकरूंच्या दोन पंगती होत्या. उन्हाचा कहर, पहिल्या पंगतीत सगळे म्हातारे, दुसरी अंगणात पोटात कावळे घेऊन उभी. ताकभात आला आणि काकांनी घसा खाकरला. आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं पाहिलं, की गेला आता दिवस!

"घाटावर एक बाई रोज पहाटे यायची," काका म्हणाले. "सगळ्या बायका रिकामा हंडा आणतात आणि भरून नेतात. ही भरलेला आणायची आणि रिकामा न्यायची. पण तिला वेडी कोणी म्हणत नसे. का?"

पंगत विचारात बुडाली. कोणी म्हणालं, नवस असेल. कोणी म्हणालं, विहिरीचं पाणी गंगेत सोडत असेल. काकांचा चेहरा असा फुलला होता, की बघत राहावं. एवढ्यात वाढायला उभे असलेले अण्णा, हातात ताकाचं भांडं, अंगातून घामाच्या धारा, ओरडले, "अरे गवळण असेल ती! हंड्यात दूध असेल! आता उठा, बाहेर माणसं उपाशी आहेत!"

पंगत हसली. सुटलो म्हणून हसली. काकांनी मात्र शेवटचा घास मुकाट्याने खाल्ला, उत्तरापोशन घेतलं, सगळ्यांबरोबर उठून हात धुतले, म्हणजे पंगत त्यांनी मोडली नाही हो, आणि तडक पायऱ्या उतरून गंगेवर गेले. गुडघाभर पाण्यात उभं राहून ओंजळीत गंगा घेतली आणि सूर्याकडे तोंड करून म्हणाले, "बिंदुमाधवाच्या घराचा उंबरा यापुढे ओलांडणार नाही." समोर एक मल्लाह नाव बांधत होता. तो म्हणाला, "गुरू, कसम खाने से पहले धोती तो घर से निकाल लाते!" तेव्हा काकांच्या ध्यानात आलं, की धोतरं, पळीपंचपात्र, आसन, सगळं आमच्या माडीवर आहे. ते सगळं मी खिडकीतून एकेक करून खाली टाकलं. पंचपात्राला अजून पोचा आहे.

मी तेव्हा लहान होते, पण एवढं नक्की कळलं, की दोन शहाण्या माणसांनी मिळून एवढा मूर्खपणा क्वचितच केला असेल.

काका बालाजी घाटाजवळ एका खोलीत राहायला गेले. पण रोज तिसऱ्या प्रहरी आमच्या दाराबाहेरच्या चबुतऱ्यावर येऊन बसायचे. उंबऱ्याच्या बाहेर, म्हणजे शपथेला धक्का नाही. आई खिडकीच्या गजांतून कधी लाडू, कधी चिवडा बाहेर सरकवायची. काका तिथूनच मला कोडी घालायचे. अण्णा आत ओसरीवर बसून सगळं ऐकायचे. दोघे एकमेकांशी बोलत नसत, मध्ये मी.

"तुझ्या बापाला सांग, छत्री न्या. ढग आलेत."

"तुझ्या काकाला सांग, मला डोळे आहेत."

अंतर दोन हातांचं. मी निरोप्यासारखी इकडून तिकडे. वर्षानुवर्षं हा तमाशा चालला होता, आणि एकाही बेट्याला त्याची लाज नव्हती.

मग माझं लग्न ठरलं. ग्वाल्हेरचं स्थळ, माणसं चांगली. व्याही नीलकंठराव घड्याळ लावून चालणारे, मुहूर्ताच्या बाबतीत फार कडक. लग्न आमच्याच घरी. देवक तिथे बसायचं, बोहलं अंगणात. आणि मला बोहल्यावर नेणारा माणूस उंबऱ्याबाहेर!

मी अण्णांना सांगून टाकलं, "काका नेणार नसतील तर मी गौरीहरापासून उठणार नाही. मुहूर्त गेला तर गेला." अण्णांनी मान खाली घातली. दुसरी कोणी असती तर मुस्काटात मिळाली असती. पण त्यांनाही तेच हवं होतं, फक्त म्हणता येत नव्हतं.

बातमी घाटभर झाली. काकांनी उभं आयुष्य लोकांना कोड्यात टाकलं होतं. आता काकाच कोड्यात सापडले, म्हणून सगळ्यांना कोण आनंद! जो तो उत्तर घेऊन चबुतऱ्यावर यायचा. आमचे शेजारी वेणीमाधव कचेरीत मुखत्यार होते, कायद्याचा किडाच. ते म्हणाले, "गुरू, उंबराच उखडून टाकू. उंबरा नाही तर ओलांडणार काय?" कोणी म्हणालं, काशीतली छपरं छपरांना लागलेली, वरून या. वेदशाळेतले तरणे विद्यार्थी म्हणाले, आम्ही खांद्यावरून उचलून नेतो, तुम्ही पाऊलच टाकू नका. नीलकंठरावांनी ग्वाल्हेरहून कळवलं, की प्रायश्चित्त घ्या आणि ब्राह्मणभोजन घाला.

काकांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "ही पळवाट झाली. शब्द जिवंत ठेवायचा आणि अर्थाचा गळा दाबायचा. पंगतीत मी हे चालवून घेत नाही, मग गंगेपुढे कसं चालवू? तिला असं उत्तर द्या, की तिनेसुद्धा कपाळावर हात मारून घेतला पाहिजे."

मी खिडकीतून म्हटलं, "काका, मग माझं काय?"

नेहमी कोडं घालताना काकांचे डोळे लुकलुकत, ते त्या दिवशी भरून आले होते. "मला उत्तर येत नाही, बिटिया," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा येत नाही." मला त्यांचा राग होता तो तिथेच संपला. मी खिडकी लावून घेतली आणि पोटभर रडले.

लग्नाचा दिवस उजाडला. सनई वाजू लागली. मी आतल्या खोलीत गौरीहरापुढे बसले. पुढ्यात तांदूळ, अंगावर पिवळी साडी, आणि पुटपुटायचं काय, तर गौरीकडे सौभाग्य मागायचं आणि दारी येईल त्याला आयुष्य दे, म्हणायचं. खोलीच्या दारातून मला अंगण आणि त्यापलीकडे थेट बाहेरचं दार दिसत होतं. दारी काका उभे होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर शेला, कपाळाला गंध. मामाचा सगळा थाट करून आलेले आणि उंबऱ्यापलीकडे थबकलेले. मी तांदूळ टाकत होते आणि त्यांच्यासाठी आयुष्य मागत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. नीलकंठराव घड्याळ काढून बघत, परत खिशात टाकत, परत काढत. भटजी कुजबुजले, "नवरीला आणा." मी हलले नाही.

तेवढ्यात अण्णा माजघरातून निघाले. सोवळं नेसलेले, हातात गंगेचा गडू. मागे आई, तिच्या हातात तुळशीपत्र. आधी दोघांचं काय बोलणं झालं होतं कोण जाणे. घर तिच्या बापाचं. पण ती अण्णांच्या मागून ताठ चालत होती. दोघं अंगण ओलांडून, दार ओलांडून बाहेर गल्लीत गेली. अण्णा काकांसमोर उभे राहिले, आईने त्यांच्या हाताला हात लावला, आणि अण्णांनी संकल्प म्हणायला सुरुवात केली. देश, काल, तिथी, नक्षत्र, गोत्र, सगळं सावकाश. मग तुळशीपत्रावर पाण्याची धार धरली.

इथे काकांनी जे केलं ते फक्त भिक्षुकाच्या घरी जन्मलेला माणूसच करील. समोर संकल्पाचं पाणी पडतंय म्हटल्यावर त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला. जन्माची सवय! डोकं विचारीपर्यंत हाताने घेऊनसुद्धा टाकलं होतं. पाणी तळहातावर पडलं, तुळशीपत्र पडलं, आणि अण्णा म्हणाले, "हे घर चिरंजीव ढुंढिराजाला दिलं. न मम."

सनईवाला वाजवायचा थांबला.

"दादा!" काका ओरडले. इतक्या वर्षांत भावाला मारलेली पहिली हाक. "हे काय केलंस? आता हे परत घेता येत नाही!"

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "मला कोड्यातलं काही कळत नाही, ढुंढ्या. घर माझं आहे म्हणून तू आत येत नाहीस, एवढं कळलं. मग म्हटलं, माझं नको."

काकांनी ओल्या हाताकडे पाहिलं, गंगेच्या दिशेला पाहिलं, आणि तोच ओला हात कपाळावर असा फाडकन मारून घेतला, की गंध पुसलं गेलं. मग ते हसायला लागले. हसता हसता रडले, रडता रडता उंबरा ओलांडून आत आले आणि अंगणाच्या मध्यावर येऊन मागे वळले. आईअण्णा अजून गल्लीतच उभी होती.

"दादा, ये की!"

"घर तुझं," अण्णा म्हणाले. "बोलावल्याशिवाय कसा येऊ?"

काका धावत परत गेले. कोपऱ्यातली घागर उचलली, पाहुण्यांच्या घालतात तसं थोरल्या भावाच्या आणि वहिनीच्या पायांवर पाणी घातलं, आणि म्हणाले, "या. माझ्या पुतणीचं लग्न आहे. जेवूनच जायचं." मग आत आले, मला हात दिला, आणि बोहल्यावर नेलं. नीलकंठराव पुढे सगळ्यांना अभिमानाने सांगत, की मुहूर्त टळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वेगळीच गंमत सुरू झाली. काका गडू घेऊन अण्णांच्या मागे लागले, घर परत द्यायला. पण घेणाऱ्याने हात पुढे केला तर दान! अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायची सवय लावून घेतली. काका ओसरीवर दिसले, की यांचे हात मागे. जेवताना काका जवळ आले, तर पाणी नको, तहान नाही. "दिलेलं परत घेणारा नरकात जातो," अण्णा म्हणत, "आणि तिथे तुझी कोडी ऐकावी लागली तर?" शेवटी वेणीमाधवांनी कायद्याचा निकाल दिला. "कशाला धडपडता गुरू? तुम्हाला ना पोर, ना बाळ. तुमच्यामागे घर आपोआप थोरल्या भावाचंच होणार आहे." सगळे हसले, काका सगळ्यांत जास्त. ते पुन्हा माडीवर राहायला आले. अण्णा त्यांना 'घरमालक' म्हणून हाक मारत आणि छप्पर गळलं की त्यांच्याकडे तक्रार नेत. पंगतीत कोडी पूर्ववत सुरू झाली. काकांनी घसा खाकरला, की अण्णा चटणी बघायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बसत, तोंडातून चुकून उत्तर निघू नये म्हणून.

सुखाची वर्षं भराभर जातात. माझी पोरं मोठी झाली, खादीच्या टोप्यांचं राज्य आलं. एका हिवाळ्यात आईचा निरोप आला, की काकांनी अंथरूण धरलंय. मी निघाले.

काका पार वाळले होते, पण डोळे तसेच लुकलुकत होते. त्यांची खाट आता ओसरीवर होती. दुपारी हट्ट धरला, की माझ्यासमोर पंगत मांडा. अण्णा, वेणीमाधव, मी, असे आम्ही खाटेजवळ पानावर बसलो. आई वाढत होती. काकांच्या पुढ्यात वाटीत मऊ भात आणि ताक. शेवटचा घास वाटीत ठेवून त्यांनी घसा खाकरला. अण्णांना उठून स्वयंपाकघरात जाता येईना. गुडघे धरले होते.

"एका माणसाला एक घर मिळालं," काका हळूहळू म्हणाले. "देणारा ते परत घेईना. याने पुष्कळ खटपट केली, जमलं नाही. मग एक दिवस अंथरुणावरून न उठता, पाणी न सोडता, कोणाचा हात पुढे न येता, त्याने ते ज्याचं त्याला देऊन टाकलं. कसं?"

मला लगेच कळलं. त्यांच्यामागे घर अण्णांचं होणार होतं. काका आपल्या जाण्याचंच कोडं घालत होते, आणि वर आम्ही हसावं म्हणून वाट बघत होते. वेणीमाधवांनी पत्रावळीकडे बघत मान खाली घातली. मी अण्णांकडे पाहिलं. हंड्यातलं दूध ज्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखलं होतं, त्या अण्णांचा ताकभाताचा हात तोंडापाशी थांबला होता. उत्तर जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं.

अण्णांनी घास परत पत्रावळीवर ठेवला.

"नाही बुवा सुचत," ते म्हणाले. "अवघड घातलंस, ढुंढ्या."

काकांचा चेहरा असा फुलला, की बघत राहावं. "मग कर विचार," ते म्हणाले.

"करतो. काशीत घाई कोणाला असते?"

उन्हं ओसरीवरून उतरून गल्लीत गेली. आमचे हात वाळले, पायांना मुंग्या आल्या, पण पंगतीतून कोणी उठलं नाही.